डिस्चार्ज बुकात ‘स्वतःच्या विनंतीवरून’, प्रत्यक्षात लो मेडिकल कॅटेगरी : नोंद दुरुस्त कशी करावी?

माजी हवालदार, कोरेगाव (प्रश्नकर्ता)

सर्व माजी सैनिक बंधूंना आणि जाणकारांना जय हिंद.

मी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचा रहिवासी आहे. १९८९ मध्ये पायदळाच्या एका रेजिमेंटमध्ये भरती झालो आणि नोव्हेंबर २००७ मध्ये हवालदार पदावरून घरी आलो. रेजिमेंटचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणावर दोषारोप करण्याचा हेतू नाही. सेवेचा बहुतेक काळ मॉर्टर, म्हणजे उखळी तोफांच्या, प्लाटूनमध्ये गेला. ८१ मिलिमीटरच्या मॉर्टरवर आधी क्रूमध्ये आणि नंतर डिटॅचमेंट कमांडर म्हणून मी काम केले. शेवटच्या काही वर्षांत दोन्ही कानांनी, त्यातही डाव्या कानाने, कमी ऐकू येऊ लागले आणि सेटवर आलेला हुकूम शेजारच्या जवानाला पुन्हा विचारून घ्यावा लागे. लष्करी रुग्णालयात तपासण्या होऊन आधी तात्पुरती आणि मग कायमची लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे खालची वैद्यकीय श्रेणी, मिळाली, त्यामुळे बढतीचा मार्गही बंद झाला.

त्यानंतर युनिटच्या कार्यालयात एक छापील इंग्रजी फॉर्म सहीसाठी समोर आला. हलक्या कामावर, म्हणजे शेल्टर्ड अपॉइंटमेंटवर, पुढे राहण्याची इच्छा नाही असा त्याचा अर्थ असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. माझ्यासारख्या कायम कॅटेगरीतल्या प्रत्येकाकडून तो भरून घेतला जात होता. पुढे रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, झाले आणि मी घरी आलो. हाती पडलेल्या डिस्चार्ज बुकात मात्र सेवामुक्तीचे कारण ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असे आहे आणि मेडिकल कॅटेगरीच्या रकान्यात शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, असे लिहिलेले आहे. सेवा निवृत्तिवेतन नियमित मिळते, परंतु अपंगत्वाचा भाग मिळत नाही, आणि तो नाकारल्याचे कोणतेही पत्र आजवर आलेले नाही. नुकतीच मुलाने निवृत्तिवेतनाच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवरील माझी माहिती तपासली, तेव्हा अपंगत्वाचा रकाना कोरा असल्याचे दिसले.

इतक्या वर्षांनंतर ही नोंद दुरुस्त होऊ शकते का, बोर्डाचे कागद अजून शिल्लक असतील का, आणि आधी डिस्चार्ज बुक दुरुस्त करून घ्यावे की थेट निवृत्तिवेतनासाठी अर्ज करावा, याविषयी मार्गदर्शन हवे आहे. २०२३ मध्ये नवे नियम आल्याने जुन्या माणसांना आता काही मिळत नाही, असे एका गृहस्थाने सांगितले. तेही खरे आहे का, हे कळावे.

निवृत्त सुभेदार (क्लार्क), खटाव

हवालदार साहेब, जय हिंद. माझी सेवा कागदांतच गेली असल्यामुळे कागदांच्या बाजूने लिहितो. कायद्याचे जाणकार इथे आहेत, ते त्यांचे लिहितील.

डिस्चार्ज बुक हा मूळ दस्तऐवज नव्हे. सातबारा चुकला तर आपण तलाठ्याकडे फेरफार पाहायला मागतो, तसेच इथेही मुळाशी जावे लागते. तुमच्या सेवेची मूळ नोंद शीट रोलमध्ये असते, घडामोडींची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये होते आणि वैद्यकीय स्थितीची मूळ नोंद बोर्डाच्या कार्यवाहीत असते. हे सगळे शेवटी अभिलेख कार्यालयात, म्हणजे आपल्या भाषेत रेकॉर्डला, जमा होते आणि डिस्चार्ज बुक त्यावरून भरले जाते. म्हणून पहिला प्रश्न बुकात काय लिहिले आहे हा नसून शीट रोल आणि बोर्डाचे कागद काय म्हणतात हा आहे. मूळ कागद बरोबर आणि बुक चूक असेल, तर ती कारकुनी चूक ठरते आणि कागदांच्या आधारे साध्या अर्जावर दुरुस्त होण्यासारखी असते. शीट रोलमध्येच चूक असेल, तर मात्र सक्षम अधिकाऱ्याचा किंवा सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा आदेश लागतो.

कागद शिल्लक असतील का, या शंकेबद्दल. आर्मी रेग्युलेशन्स १९८७ च्या परिच्छेद ५९५ चा हवाला देऊन २५ वर्षांनंतर कागद नष्ट केल्याचे उत्तर अनेकांना मिळाले आहे, पण ती मुदत निवृत्तिवेतन न घेणाऱ्यांच्या कागदांची आहे. तुम्ही निवृत्तिवेतनधारक आहात आणि तुम्हाला घरी येऊन २५ वर्षे झालेलीही नाहीत, त्यामुळे तसे उत्तर आले तरी ते मान्य करू नका. रुग्णालयाकडे स्वतंत्रपणे कागद मागण्यात वेळ घालवू नका. बोर्डाची प्रत सेवेच्या कागदांबरोबर रेकॉर्डलाच जाते.

कागद मागवण्याचा खात्रीचा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. केंद्रीय जनमाहिती अधिकारी, अमुक रेकॉर्ड्स, असा पत्ता घालून १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा आणि अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, महार असेल तर सागर. ज्याची जी रेजिमेंट, त्याचे ते रेकॉर्ड. ३० दिवसांत उत्तर आले पाहिजे, आले नाही तर कलम १९(१) खाली तिथल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील होते. मागणी मोघम करू नका. ‘माझ्या सेवेचे सर्व कागद द्यावेत’ असे लिहिले की अर्धवट गठ्ठा येतो. रिलीज मेडिकल बोर्डाची कार्यवाही, म्हणजे एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म, सर्व पानांसह. भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणीचा फॉर्म. लो मेडिकल कॅटेगरी देणाऱ्या बोर्डांचे कागद आणि त्यांना जोडलेले श्रवण तपासणीचे आलेख. शीट रोलची प्रत. तुम्ही सही केलेला तो अनिच्छेचा फॉर्म. सेवामुक्तीचा आदेश, त्यातील आर्मी रूलच्या क्रमांकासह. आणि अपंगत्वाच्या दाव्यावर निर्णय झाला असेल तर त्या निर्णयाचे पत्र. एवढे नावानिशी मागा.

त्यातला नियमाचा क्रमांक बारकाईने पाहा. आर्मी रूल्स १९५४ च्या नियम १३ खालील तक्त्यात स्वतःच्या विनंतीवरून जाणाऱ्यासाठी १३(३) तीन (चार) हे कलम आहे, वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरलेल्यासाठी (तीन) आहे आणि इतर सर्व प्रकारांसाठी (पाच) आहे. शेल्टर्ड अपॉइंटमेंट नको म्हणून किंवा उपलब्ध नाही म्हणून गेलेल्या जवानांच्या आदेशात बहुधा (पाच) दिसते. तुमच्या आदेशात (पाच) आणि बुकात ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असेल, तर विसंगती कागदावरच सिद्ध होते.

माझे मत असे की आधी बुकातील कॅटेगरी दुरुस्त करून घ्यावी. नाहीतर रेकॉर्डकडून ‘नोंदीप्रमाणे आपण शेप-१ आहात, सबब अपंगत्वाचा प्रश्न उद्भवत नाही’ असे एका ओळीचे उत्तर येईल आणि आणखी काही महिने जातील.

वकील, सांगली

सुभेदार साहेबांनी कागदांची यादी इतकी नेमकी दिली आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. त्यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मात्र मी सहमत नाही. बुकाची दुरुस्ती आणि निवृत्तिवेतनाचा दावा एकामागून एक लावले, तर पहिल्या अर्जाचे उत्तर येईपर्यंत दुसरा थांबतो, आणि या प्रकरणांत थांबण्याची किंमत रुपयांत मोजावी लागते. तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की निवृत्तिवेतन नाकारणे हा सतत चालू राहणारा अन्याय असल्यामुळे उशिराने आलेला दावाही ऐकता येतो, परंतु थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या ३ वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे जो महिना आपण घरी बसून घालवतो, तो महिना मागच्या टोकाकडून कायमचा गळतो. बोर्डाची कार्यवाही हाती आली की तीच पुरेशी नोंद आहे, तिच्यापुढे बुकातील ‘शेप-१’ टिकत नाही. म्हणून एकाच अर्जात दोन्ही मागण्या कराव्यात.

आता नियमांविषयी. २०२३ चे नवे पात्रता नियम २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाले, ते त्यानंतर सेवामुक्त होणाऱ्यांसाठी आहेत. आपला त्यांच्याशी संबंध नाही. त्याआधीचे २००८ चे नियमही १ जानेवारी २००८ पासूनचे. आपण नोव्हेंबर २००७ मध्ये घरी आलात, म्हणून आपल्याला १९८२ चे पात्रता नियम लागू होतात. महिन्या-दोन महिन्यांचा हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण १९८२ च्या नियमांत सैनिकाच्या बाजूचे गृहीतक बरेच भक्कम आहे. नियम ५ प्रमाणे भरतीच्या वेळी कागदावर नोंदलेला दोष सोडला तर सैनिक निरोगी होता असे मानायचे. नियम ९ प्रमाणे हक्क सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर टाकायचे नाही आणि वाजवी संशयाचा फायदा त्याला द्यायचा. नियम १४ प्रमाणे भरतीच्या वेळी न नोंदलेला आजार सेवेतच उद्भवला असे सामान्यतः धरायचे. आणि नियम ४ असा की भरतीच्या वेळेपेक्षा खालच्या वैद्यकीय श्रेणीत सेवामुक्त झालेल्याला वैद्यकीय कारणाने काढल्यासारखेच मानायचे.

या नियमांचा अर्थ धर्मवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी लावला. त्या जवानाला १९९४ मध्ये २० टक्के अपंगत्वासह घरी पाठवले होते आणि बोर्डाने आजार शरीरप्रकृतीचा आहे, सेवेशी संबंध नाही, असा शेरा मारला होता. न्यायालयाने म्हटले की भरतीच्या वेळी नोंद नाही आणि बोर्डाने कारणेही दिलेली नाहीत, तेव्हा गृहीतक सैनिकाच्या बाजूनेच राहील. २०१५ मध्ये राजबीर सिंग प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा ठामपणे मांडले गेले.

‘स्वतःच्या विनंतीवरून’ ही नोंद समजा तशीच राहिली, तरी दार बंद होत नाही. संरक्षण मंत्रालयाच्या २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने १ जानेवारी २००६ रोजी किंवा त्यानंतर स्वेच्छेने सेवा सोडलेल्यांनाही, त्यांचे अपंगत्व सेवेमुळे झालेले किंवा सेवेने वाढलेले मानले गेले असेल, तर अपंगत्वाचा भाग मिळतो. आपली तारीख त्यात बसते. राहिला प्रश्न बोर्डाने काय लिहिले आहे याचा, आणि टक्केवारीचा. टक्केवारी २० पेक्षा कमी निघाली, तर मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. विंग कमांडर राठोड यांच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २० टक्क्यांखाली अपंगत्वाचा भाग देय नाही असे स्पष्ट केले आहे. सुखविंदर सिंग प्रकरणातला २०१४ चा निर्णय उलट सांगतो असे काही जण लिहितात, परंतु तो वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवून काढलेल्या जवानाचा आहे. वर उल्लेखलेल्या नियम ४ च्या आधारे तो आपल्याला लावावा असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

सैनिककन्या, मिरज

माझ्या वडिलांचे प्रकरण वेगळे होते, त्यामुळे त्याविषयी न लिहिता दोनच गोष्टी सुचवते. ‘पेन्शन वाढवून देतो, थकबाकीतले अमुक टक्के द्या’ असे म्हणत काही मध्यस्थ माजी सैनिकांच्या घरी येतात आणि पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश), आधार व स्पर्शचा पासवर्ड मागतात. काका, यातले काहीही कोणाच्या हाती देऊ नका. दुसरे असे की रेकॉर्डला अर्ज जाणारच आहे, तर काकूंचे नाव आणि जन्मतारीख पीपीओत आधारप्रमाणे आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्या.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ मध्ये सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे आणि तिची मदत केंद्रे सैनिक मंडळांच्या कार्यालयांतून चालावीत अशी रचना आहे.

माजी हवालदार, कोरेगाव (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. सुभेदार साहेबांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज केला. पहिले उत्तर अर्धवट होते, परंतु अपिलानंतर उरलेले कागद आले. त्यात काय आहे ते मांडतो.

भरतीच्या वेळच्या फॉर्ममध्ये दोन्ही कानांसमोर ‘सामान्य’ असे लिहिलेले आहे. रिलीज मेडिकल बोर्डात माझी श्रेणी एच-२ (म्हणजे ऐकण्याच्या बाबतीत कमी) कायम, निदान ‘दोन्ही कानांचे सेन्सरीन्यूरल श्रवणदोष’ आणि अपंगत्व २० टक्के, आयुष्यभरासाठी, असे नमूद आहे. म्हणजे बुकातील शेप-१ ही नोंद चुकीची आहे हे आता कागदावरच दिसते. परंतु सेवेशी संबंध असलेल्या रकान्यात ‘सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेलेही नाही’ असे लिहून कारणाच्या जागी ‘शरीरप्रकृतीजन्य’ एवढाच एक शब्द आहे. त्याच फॉर्ममध्ये मागील पानावर कमांडिंग ऑफिसरचे निवेदन आहे आणि त्यात माझे काम ‘मॉर्टर डिटॅचमेंट कमांडर’ असे स्वच्छ लिहिलेले आहे. एकाच फॉर्मच्या एका पानावर मॉर्टर आणि दुसऱ्या पानावर आवाजाचा उल्लेखसुद्धा नाही, याचे नवल वाटते.

शीट रोलमध्ये मॉर्टरच्या कोर्सची नोंद आहे. सेवामुक्तीच्या आदेशात नियम १३(३) तीन (पाच) आहे, बुकात मात्र ‘स्वतःच्या विनंतीवरून’. दाव्यावर निर्णय झाल्याचे पत्र कागदांत नाही. श्रवण तपासणीचे दोन आलेख मिळाले, पण ते मला वाचता येत नाहीत. त्यांवर ‘४ के’ या ठिकाणी रेघ खोल खाली जाते आणि पुढे ‘८ के’ला थोडी वर येते, डाव्या कानाची अधिक. आता नव्याने तपासणी करून तो अहवाल जोडावा का?

कान-नाक-घसा तज्ज्ञ, कराड

हवालदार साहेब, आपण जे वर्णन केले आहे ते वाचूनच उत्तर द्यावेसे वाटले. प्रत्यक्ष आलेख पाहिल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, तेव्हा पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावा.

मोठ्या आवाजाने आतल्या कानातील केसपेशींना इजा होते, तेव्हा ऐकण्याची शक्ती सर्व पट्ट्यांत सारखी कमी होत नाही. आधी सुमारे ४००० हर्ट्झच्या आसपास खाच पडते आणि ८००० हर्ट्झकडे आलेख पुन्हा काहीसा वर येतो. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात अशी खाच नसते. त्यात उंच स्वरांकडे जाताना रेघ घसरतच जाते आणि वर येत नाही. दारूगोळ्याच्या आवाजात काम केलेल्या माणसाच्या आलेखात ही खाच दिसणे हे वैद्यकशास्त्रात जुने आणि सर्वमान्य लक्षण आहे. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो, त्यामुळे अशा जवानांचा डावा कान अधिक खराब झालेला आढळतो. मॉर्टरचे गणित तुमच्या उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून राहील, परंतु रायफलही तुम्ही वर्षानुवर्षे चालवलीच असणार.

नव्या तपासणीबद्दल माझे मत असे की ती करावी, परंतु तिला मुख्य पुरावा करू नये. आवाजाचा संपर्क थांबल्यावर त्या कारणाचे नुकसान सहसा वाढत नाही, आणि आज तुमच्या वयात वयाची घट त्यात मिसळलेली असणार. आजच्या आलेखात ती खाच बुजलेली दिसली, तर समोरची बाजू तेवढेच बोट दाखवील. २००७ पूर्वीचे, सेवेत असतानाचे, लष्करी रुग्णालयानेच काढलेले आलेख हे तुमचे खरे बळ आहे. साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या एखाद्या तज्ज्ञाकडून त्या जुन्या आलेखांवर लेखी अभिप्राय घ्या. ‘हा आलेख आवाजजन्य श्रवणदोषाशी सुसंगत आहे’ एवढे एक वाक्य तज्ज्ञाच्या सहीने आले, तर ‘शरीरप्रकृतीजन्य’ या एका शब्दापुढे ते ठेवता येईल.

वकील, सांगली

डॉक्टरांनी माझे अर्धे काम केले. आता मागणीचा मसुदा कसा असावा ते लिहितो, कारण इथे बहुतेक अर्ज घसरतात. माणूस भावनेच्या भरात ‘माझे डिस्चार्ज बुक दुरुस्त करावे’ एवढेच मागतो, कार्यालय शेप-१ खोडून एच-२ करते, शिक्का मारते, आणि खिशात एक रुपयाही पडत नाही. आपल्या प्रकरणात जे बदलायला हवे ते अंतिमतः पीपीओ आहे.

म्हणून रेकॉर्डला पाठवायच्या अर्जात पुढील गोष्टी स्पष्टपणे मागाव्यात : बोर्डाच्या कार्यवाहीप्रमाणे आणि सेवामुक्तीच्या आदेशाप्रमाणे बुकातील श्रेणी व कारण दुरुस्त करणे, ‘सेवेशी संबंध नाही’ हा विनाकारण दिलेला अभिप्राय बाजूला ठेवून अपंगत्व सेवेमुळे झाल्याचे मानणे, २० टक्के अपंगत्वाचा भाग सेवामुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून मंजूर करणे, तो ५० टक्के धरून देणे, आणि शुद्धिपत्रित पीपीओ काढणे. बोर्डाने ठरवलेल्या टक्केवारीला हात लावू नका. ती आपल्या बाजूची आहे आणि पुन्हा बोर्ड मागितल्यास ती खाली येण्याचा धोका आपणच ओढवून घेतो.

५० टक्क्यांचा खुलासा करतो. ५० पेक्षा कमी टक्केवारी ५० धरावी, ५० ते ७५ ही ७५ धरावी आणि ७६ ते १०० ही १०० धरावी, अशी पद्धत १ जानेवारी १९९६ पासून आहे. आधी ती केवळ वैद्यकीय कारणाने काढलेल्यांना मिळत असे. राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मान्य केला नाही. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असा दर असल्याने २० टक्क्यांना ६ टक्के मिळाले असते, तिथे ५० धरल्यावर १५ टक्के मिळतात. त्यावर महागाई भत्ता वेगळा.

अर्ज नामंजूर झाला तर ६ महिन्यांच्या आत पहिले अपील आणि त्यानंतर दुसरे अपील, असा खात्याअंतर्गत मार्ग आहे. उत्तरच आले नाही तर अनंत काळ वाट पाहण्याची गरज नाही. सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम २००७ च्या कलम २१ प्रमाणे अर्जानंतर ६ महिने निर्णय झाला नाही, तर खात्यातील उपाय संपले असे मानून न्यायाधिकरणाकडे जाता येते. महाराष्ट्रासाठी मुंबईचे खंडपीठ आहे. विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज जोडावा आणि त्यात दावा नाकारल्याचे पत्र कधीच मिळाले नाही व कागद माहितीच्या अधिकारात अमुक तारखेला मिळाले, हे कागदांसह लिहावे.

एक मोह टाळावा. मॉर्टर चालवले म्हणून युद्धजन्य जखमेचे निवृत्तिवेतन मागावे, असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. त्याचा दर दुप्पट आहे हे खरे, परंतु त्यासाठी विशिष्ट कारवाईतील विशिष्ट जखम आणि तशी कॅज्युअल्टीची नोंद लागते. आपली इजा वर्षानुवर्षांच्या आवाजाची आहे. जास्तीची मागणी केल्याने मूळ दावा कमजोर दिसतो.

निवृत्त सुभेदार (क्लार्क), खटाव

वकील साहेबांचे म्हणणे आता पटते, कारण बोर्डाचा कागद हाती आलेला आहे. तो आला नसता तर मी माझ्या मतावर राहिलो असतो.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. डिस्चार्ज बुकाची मूळ प्रत रेकॉर्डने मागवली, तर देण्यापूर्वी प्रत्येक पानाची, मागच्या कोऱ्या पानांसह, झेरॉक्स काढून ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून साक्षांकित करून घ्या आणि पाठवल्याची पावती जपा. आणि घरात कोणी हौसेने पेनाने शेप-१ खोडून वर काही लिहू नये. असे बुक मी पाहिले आहे. मुलाने वडिलांच्या भल्यासाठीच लिहिले होते, पण त्या एका रेघेमुळे खरी चूक कोणाची हाच प्रश्न उभा राहिला आणि खाडाखोडीचा खुलासा करण्यातच पत्रव्यवहार वाढला.

जमले तर तुमच्या वेळचे प्लाटून कमांडर किंवा सोबतचे डिटॅचमेंट कमांडर यांचे प्रतिज्ञापत्र घ्या. ‘ऐकू येत नव्हते’ असे त्यांनी लिहू नये, ते डॉक्टरांचे काम आहे. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत तुम्ही मॉर्टरवर होता, फायरिंग कुठे कुठे झाले आणि कानाला लावण्याचे संरक्षण मिळत होते की नाही, एवढेच त्यांनी माहितीप्रमाणे लिहावे.

माजी हवालदार, कोरेगाव (प्रश्नकर्ता)

अर्जाचा मसुदा तयार केला आहे आणि जुन्या आलेखांवर अभिप्राय देण्यास एक डॉक्टर तयार झाले आहेत. आमचे तेव्हाचे प्लाटून हवालदार माण तालुक्यात आहेत, त्यांच्याशी बोलणे झाले असून प्रतिज्ञापत्र देण्यास त्यांची हरकत नाही. एकच शंका उरते. प्रकरण न्यायाधिकरणात गेले, तर प्रत्येक तारखेला मला मुंबईला जावे लागेल का? कानामुळे गर्दीत आणि प्रवासात अडचण होते.

वकील, सांगली

जावे लागत नाही. वकीलपत्र दिल्यानंतर तारखांना वकील उभे राहतात, आणि ही प्रकरणे बहुतांशी कागदांवरच चालतात, साक्ष-उलटतपासणी सहसा होत नाही. अर्जाबरोबरचे प्रतिज्ञापत्र आपण साताऱ्यात किंवा कोरेगावात नोटरीसमोर करून पाठवू शकता. रेकॉर्डला अर्ज पाठवल्याची स्पीड पोस्टाची पावती आणि पोहोच मात्र त्याच फाईलमध्ये लावून ठेवा, कारण ६ महिन्यांची मोजणी त्या अर्जाच्या तारखेपासून होईल.